खेळण्यातला कॅमेरा, १२० चा रोल आणि एकमेकांत घुसलेले फोटो

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांना नमस्कार. मी खानापूरला राहते आणि शाळेत शिकवते. माझ्या मावसभावाने कंटाळा आल्यावर त्याचा होल्गा मला देऊन टाकला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये निघालेला, जवळजवळ पूर्णपणे प्लॅस्टिकचा आणि १२० चा, म्हणजे रुंद फिल्मचा, रोल घेणारा हा कॅमेरा आहे. त्याला बॅटरी नाही, प्रकाश मोजण्याची सोय नाही, आणि हातात घेतला तर साबणाच्या डबीपेक्षा फारसा जड लागत नाही.

पहिला रोल मी १०० आयएसओचा (हा आकडा जितका मोठा तितका कमी प्रकाश रोलला पुरतो) घातला आणि श्रावणात दोन रविवार फिरून संपवला. खानापुरातला मलप्रभेचा घाट, हलशीचे भूवराह नरसिंहाचे देऊळ, येळ्ळूरचा राजहंसगड आणि आमच्या पडवीत तांदूळ निवडत बसलेली आजी, असे १६ वेळा खटका दाबला. रोल कुरिअरने बाहेरगावी धुवायला पाठवला. परत आले ते विचित्रच. एकही फोटो सुटा नाही. प्रत्येक फोटोची कड पुढच्या फोटोत घुसलेली आहे, गडाच्या बुरुजात आजीचे सूप शिरले आहे, आणि शिवाय सगळे काळपट व मळकट दिसते. रोल धुणाऱ्यांनी चिठ्ठीत एवढेच लिहिले, की कॅमेरा सदोष आहे.

माझा प्रश्न असा, की दोष खरोखरच कॅमेऱ्यात आहे की माझ्यात? आणि माझ्यात असेल तर हे शिकायचे कसे?

तिसरे_रेल्वेगेट (टिळकवाडी)

बुरुजात आजीचे सूप शिरले हे वाचून मला तो फोटो बघायची फार उत्सुकता लागली आहे. दोष कोणाचाही असो, तो दुरुस्त करण्याआधी फोटो इथे टाका.

रोखठोक_चिकोडी

ताई, राग मानू नका, पण स्पष्ट लिहितो. फोनमध्ये असे कडा काळ्या करणारे आणि रंग उडवणारे फिल्टर फुकट मिळतात. रोल, धुणावळ, स्कॅन आणि कुरिअर मिळून एका फोटोला जो खर्च येतो, त्यात आमच्या बसस्थानकासमोर पोटभर नाश्ता होतो. मुद्दाम वाईट कॅमेरा घ्यायचा, मुद्दाम वाईट फोटो काढायचा आणि मग त्याला कला म्हणायचे, हे मला आजवर उमगलेले नाही.

करदंट (गोकाक)

रोखठोक यांचा मुद्दा बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येतो. माझा अंदाज असा, की तुम्ही रोल पुरेसा पुढे गुंडाळत नसाल. होल्गामध्ये खटका आणि गुंडाळण्याची चावी यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. रोल पुढे न सरकवता तुम्ही दहा वेळा खटका दाबलात तरी कॅमेरा तक्रार करत नाही, दहाही फोटो एकाच जागी उमटतात.

मी हे स्वतः केले आहे. गोकाकच्या धबधब्यावर, पाणी भरपूर असताना, झुलत्या पुलावरून एक फोटो काढला आणि मग मित्र म्हणाला म्हणून त्याचाही काढला, पण मध्ये चावी फिरवायची राहिली. रोल धुऊन आल्यावर ५२ मीटर उंचीवरून कोसळणारी घटप्रभा थेट मित्राच्या पोटातून वाहताना दिसत होती. त्याच्या घरच्यांना तो फोटो अतिशय आवडला. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे, ती अशी की खटका दाबला की कॅमेरा खाली आणण्याआधी रोल पुढे घ्यायचा.

पुण्यातला_बेळगावकर

होल्गावाल्यांची एक जमात असते आणि तिच्यात प्रवेश मिळवण्यासाठी झाकण न काढता निदान अर्धा रोल वाया घालवावा लागतो. बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळे असल्यामुळे झाकण लावलेले असले तरी आपल्याला समोरचे सगळे लख्ख दिसतच राहते. मी कमल बस्तीचे सहा फोटो असे काढले. किल्ल्यातले ते १२०४ सालचे देऊळ आठशे वर्षे उभे आहे, त्यामुळे पुढच्या खेपेपर्यंत ते कुठे जाणार नाही, एवढेच समाधान.

दुसरे म्हणजे कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या पकडी. गळ्यातला पट्टा त्यांनाच अडकवलेला असतो, त्या वर सरकतात आणि पाठीचे झाकण उघडते. माझे बेळगाव स्थानकाच्या फलाटावर भर दुपारी उघडले. आता मी रोल भरला की चारही कडांना काळी चिकटपट्टी लावतो. रोलच्या पाठीवरचे फोटोंचे नंबर बघायच्या तांबड्या खिडकीवरही पट्टी हवी, कारण आजचे रोल तांबड्या प्रकाशालाही संवेदनशील असतात. नंबर बघण्यापुरती ती सावलीत उचलायची.

रोखठोक, कॅमेरा वाईट असला म्हणजे फोटो वाईटच येतो असे नाही. अमेरिकेत २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत अल गोर यांच्या प्रचाराचे छायाचित्रकार डेव्हिड बर्नेट यांनी होल्गाने फोटो काढले आणि त्यातल्या एका फोटोला पुढे पुरस्कार मिळाला.

रोखठोक_चिकोडी

उदाहरण चांगले दिले, पण ते माझ्याच बाजूचे आहे. बर्नेट त्याआधी तीसेक वर्षे फोटो काढत होते, व्हिएतनामचे युद्ध त्यांनी टिपले होते. त्यांच्या हातात चहाचा डबा दिला असता तरी फोटो आला असता. सायकल शिकणाऱ्या पोराला ब्रेक नसलेली सायकल द्यायची आणि वर अमुक अमुक सर्कशीत अशीच सायकल चालवतो म्हणून सांगायचे, तसे हे झाले. शिकायचेच असेल तर ज्यात शटर, प्रकाश आत सोडणारे छिद्र आणि अंतर तिन्ही हाताने बदलता येतात असा जुना ३५ मिलिमीटरचा कॅमेरा घ्यावा.

जुने_भिंग (निपाणी)

मी निपाणीत बरीच वर्षे स्टुडिओ चालवला. आता तो बंद आहे, पण डार्करूमच्या कपाटातला हायपोचा (फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा) वास अजून गेलेला नाही. या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

रोखठोक यांचे म्हणणे मला अर्धे पटते. मात्र आमच्या पिढीतले बहुतेक जण खेळण्यासारख्या कॅमेऱ्यावरच शिकले, हे त्यांनी लक्षात घ्यावे. १९७० च्या दशकात आमच्या भागात ज्या घरी कॅमेरा असे, त्या घरी तो बहुधा आग्फा क्लिक थ्री असे. साधे भिंग, ठरलेले एकच शटर, १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो. रोल आमच्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा येई, त्याचे नाव इंदू. माझ्या काकांनी तो कॅमेरा माझ्या हातात देताना तीनच गोष्टी सांगितल्या : सूर्य पाठीशी घे, कोपरे बरगड्यांना टेकव आणि खटका दाबताना श्वास धर. वर एक दम दिला, की वर्षाला दोनच रोल मिळतील. त्या दमाने मी जितका शिकलो तितका पुढे महागड्या कॅमेऱ्यांनी शिकलो नाही, कारण खटका दाबण्याआधी विचार करावा लागे.

आता ताईंचे फोटो काळपट का आले ते सांगतो, कारण त्यात कॅमेऱ्याचा काहीही दोष नाही. आमचा जुना ठोकताळा असा, की स्वच्छ उन्हात छिद्र एफ १६ वर (हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) ठेवावे आणि रोल १०० आयएसओचा असेल तर शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडावे, ४०० चा असेल तर चारशेवा भाग. होल्गाचे शटर साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागाचे आहे आणि छिद्र एफ १३ च्या आसपास. म्हणजे १०० चा रोल त्याला भर उन्हात व्यवस्थित चालतो, किंबहुना थोडा जास्तच प्रकाश मिळतो आणि त्याने निगेटिव्हचे काही बिघडत नाही. पण खानापूरच्या श्रावणात, जेव्हा आभाळ दाटलेले असते आणि समोरच्या घराचे कौलही धुक्यात असते, तेव्हा प्रकाश उन्हाच्या आठव्या हिश्श्यावर येतो. तिथे १०० च्या रोलला त्याच्या गरजेच्या पाचव्या भागाइतका प्रकाश मिळाला. निगेटिव्ह जास्त प्रकाश पोटात घालते, उपाशी मात्र राहू शकत नाही. अशा दिवसांत ४०० चा रोल घ्यावा. कॅमेऱ्यावर सूर्य आणि ढग अशा खुणांचा एक खटका आहे, त्यावर फार विसंबू नये. जुन्या होल्गांमध्ये तो कुठेही सरकवला तरी छिद्रात जवळजवळ फरक पडत नसे.

भिंगावर चार चित्रे आहेत : एक माणूस, तीन माणसे, घोळका आणि डोंगर. त्यांचा अर्थ अनुक्रमे साधारण १ मीटर, २ मीटर, ६ मीटर आणि १० मीटरच्या पुढे, असा घ्यावा. बघायच्या खिडकीतून सगळेच स्पष्ट दिसत असल्यामुळे चूक कळत नाही. एक दोरी घ्या, तिला १ मीटरवर एक आणि २ मीटरवर दुसरी गाठ मारा, आणि पहिले दोन रोल तरी अंतर त्या दोरीने मोजूनच माणसांचे फोटो काढा. हसणारे हसतील. शिवाय एक वही ठेवा. प्रत्येक फोटोपुढे वेळ, ऊन की आभाळ, कोणते चित्र आणि किती अंतर, एवढे लिहा. दहा दिवसांनी रोल धुऊन येतो तेव्हा आपण काय केले होते ते आपल्यालाच आठवत नाही, आणि मग चुकीपासून शिकणार कसे?

फोटो एकमेकांत का घुसले, ते मात्र मला अजून उलगडलेले नाही. करदंट म्हणतात तसे रोल पुढे न घेतल्यामुळे झाले असते, तर एखाददुसरा फोटो पूर्णच दुसऱ्यावर चढला असता. इथे तर सगळ्याच कडा घुसल्या आहेत.

करदंट

मान्य आहे. मग रोल सैल गुंडाळला गेला असेल का? माझ्या कॅमेऱ्यात रोल ढिला होई, म्हणून मी रोलखाली पुठ्ठ्याची एक घडी दाबून ठेवतो.

पुण्यातला_बेळगावकर

ढिल्या रोलमुळे कडेने उजेड शिरतो, पट्टे येतात. फोटो एकमेकांवर चढत नाहीत.

जुने_भिंग

रात्री अंथरुणावर पडल्यावर ताईंच्या पहिल्या लेखनातला एक आकडा डोक्यात घुमू लागला आणि उठून पुन्हा वाचले. त्यांनी लिहिले आहे, की १६ वेळा खटका दाबला.

ताई, चौकोनी फोटो असतील तर १२० च्या रोलवर ते १२ च बसतात. १६ कुठून आले? पाठीमागच्या तांबड्या खिडकीपाशी एक बाण असतो, तो १२ किंवा १६ कडे सरकवता येतो. तो कुठे आहे ते बघा. आणि रोल काढलेला असेल तर पाठ उघडून आतली प्लॅस्टिकची चौकट चौकोनी (१२ फोटोंची) आहे की आयताकृती (१६ ची), तेही बघा.

मलप्रभाकाठ

सर, बाण १६ कडे आहे. आतली चौकट चौकोनी आहे.

मावसभावाला फोन केला. तो आधी आयताकृती चौकट वापरत असे, मला देताना त्याने चौकोनी बसवून दिली आणि बाण तसाच राहिला. मी तर १६ आकडा येईपर्यंत इमानाने गुंडाळत होते आणि एका रोलमध्ये चार फोटो जास्त मिळाले म्हणून मनातून खूश होते!

जुने_भिंग

उलगडले. फोटोची रुंदी साडेपाच सेंटीमीटरच्या थोडी वर, आणि १६ च्या आकड्यांप्रमाणे रोल मात्र दर वेळी त्यापेक्षा साधारण एक सेंटीमीटर कमीच पुढे गेला. तेवढी पट्टी प्रत्येक फोटोने शेजाऱ्याची खाल्ली. कॅमेरा निर्दोष आहे. ज्यांनी तो सदोष ठरवला त्यांनी निगेटिव्हवर पट्टी ठेवून मोजले असते तर दोन मिनिटांत कळले असते.

तिसरे_रेल्वेगेट

म्हणजे एका चौकटीने दुसरीच्या हद्दीत एक सेंटीमीटर अतिक्रमण केले आणि सोळाही जणींचा आपापल्या पट्टीवर दावा आहे. बेळगावात आलेल्या कॅमेऱ्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

रोखठोक_चिकोडी

तेवढा एक विनोद माफ. यावर आणखी कोणी बोलू नये, नाहीतर हा धागा २०० प्रतिसादांवर जाईल आणि त्यात कॅमेरा औषधालाही सापडणार नाही.

हायपोवाली

मी नंदगडजवळ राहते आणि कृष्णधवल रोल घरीच धुते. ताईंना सुचवते, की पुढचा रोल कृष्णधवल घ्यावा आणि स्वतः धुवावा. रंगीत रोलच्या पहिल्या रसायनाला ३८ अंश तापमान काटेकोर लागते, कृष्णधवलला २० अंश पुरते आणि थोडे इकडेतिकडे झाले तर वेळ कमीजास्त करून निभावता येते.

इलफर्डचा एचपी ५ प्लस हा ४०० चा रोल डी ७६ या रसायनात, पाणी न वाढवता, २० अंशाला साडेसात मिनिटे लागतो. आमच्याकडे खरी अडचण त्या २० अंशांची आहे. एप्रिलमध्ये टाकीचे पाणी हाताला कोमट लागते, म्हणून मी रसायनाची बाटली बर्फ घातलेल्या घमेल्यात उभी करते आणि तापमापक २० वर आला की काम सुरू करते. पहिली दहा सेकंदे रोल धुण्याची बंद टाकी चार वेळा उलटी करायची, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तसेच. नंतर पातळ ॲसिटिक आम्ल, नंतर हायपो, आणि शेवटी भरपूर पाण्यात धुणे.

सगळ्यात अवघड काम पहिल्यांदा होते आणि ते अंधारात होते : रोल त्या टाकीतल्या चकतीवर चढवणे. एक रोल बळी द्या. तो आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग दिवे घालवून चढवून बघा. माझ्या पहिल्या खेपेला न्हाणीघरात, दाराच्या फटीला गोधडी लावून, पाऊण तास झटापट चालली होती. हाताला घाम सुटला की फिल्म चकतीत अडकते. सासूबाई बाहेरून दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, की बरं वाटत नाही का. आता त्या स्वतःच कपड्यांचे चिमटे आणून देतात, एक वर लावायला आणि एक खाली, म्हणजे वाळताना रोल वळत नाही. वाळवायची जागाही न्हाणीघरच, आधी दोन बादल्या कढत पाण्याची वाफ होऊ द्यायची, म्हणजे धूळ खाली बसते.

हायपोच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि ती स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. याचे कारण विचारू नका.

तिसरे_रेल्वेगेट

आम्ही कारण विचारत आहोत.

हायपोवाली

नाही म्हणजे नाही.

रोखठोक_चिकोडी

खर्चाचा माझा मुद्दा कोणी खोडलेला नाही, फक्त धुणावळ घरी आणली. तरी जुने भिंग यांच्या वहीबद्दल एक कबूल करतो. फोनवर मी मागच्या वर्षी किती फोटो काढले ते पाहिले तर आकडा हजारांत आहे, आणि त्यातला एकही कोणत्या उजेडात काढला ते मला सांगता येणार नाही. पण वही फोनबरोबरही ठेवता येते, त्यासाठी होल्गा कशाला हवा?

जुने_भिंग

ठेवता येते. कोणी ठेवलेली मी पाहिलेली नाही.

मलप्रभाकाठ (साधारण पाच आठवड्यांनी)

सगळ्यांना पुन्हा नमस्कार. बाण १२ वर आणला, त्यावर पट्टी चिकटवली आणि ४०० चा कृष्णधवल रोल घातला. रोल हायपोवाली ताईंच्या घरी, त्यांच्याच न्हाणीघरात धुतला. चकतीवर चढवायला मला पंचवीस मिनिटे लागली. हायपोची बाटली कुठे ठेवतात ते पाहिले, कारण मात्र मलाही सांगितले नाही.

वहीतून उतरवते. १२ पैकी ७ चांगले आले. तिसरा, जांबोटीच्या रस्त्यावरचा, हलला, कारण कॅमेऱ्याच्या तळाचा एन आणि बी यांतला खटका पिशवीत बी वर सरकला होता आणि मी बोट काढेपर्यंत शटर उघडेच राहिले. गंमत म्हणजे हलशीच्या मंडपात मुद्दाम बी वर ठेवून, कॅमेरा दगडी कट्ट्यावर टेकवून चार आकडे मोजले, तो सहावा फोटो सगळ्यात स्वच्छ आला आहे, खांबांवरची घोटाई सुद्धा दिसते. पाचव्यात डोंगराचे चित्र तसेच ठेवून विद्यार्थ्यांचा दीड मीटरवरून फोटो घेतला, तेव्हा मुले पुसट आणि मागचे शाळेचे फाटक ठळक आहे. नववा आणि दहावा उन्हाकडे तोंड करून काढल्यामुळे गेले. आणि अकरावा पूर्ण कोरा आहे. पुण्यातले बेळगावकर, मला जमातीत घ्या.

आठव्या फोटोबद्दल विचारायचे होते. तो आजीचा आहे, दोरीने मोजून १ मीटरवरून काढलेला. मध्यभागी चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती आली आहे आणि कडांकडे सगळे विरघळत गेले आहे. पण दोरीचे टोक मी तिला नाकापाशी धरायला सांगितले होते आणि ते सोड म्हणायचे विसरले. त्यामुळे ती फोटोत गाठ मारलेली दोरी धरून, आता पुढे काय करायचे असे विचारत असल्यासारखी बघते आहे. स्कॅनमध्ये दोरी पुसून टाकता येईल का?

तिसरे_रेल्वेगेट

पुसली तर मी हा धागा सोडून जाईन.

जुने_भिंग

पुसू नका. दहा इंच बाय दहा इंचाची प्रिंट करून घ्या, चकचकीत कागदावर नको, मॅटवर घ्या. आणि पुढचा रोल भरलात की खटका बी वर सरकू नये म्हणून त्यावरही पट्टी लावा.